शुद्धीवर असताना बोललेलं

भवानीनगर,
बुधवार

प्रिय प्रियदर्शनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी बरी आहे, अविराज बरा आहे. फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोन मी तीनदा हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. फोनवर मला रडू आलं असतं, आणि मी रडायला लागले की तू म्हणाली असतीस, "आई, राहू द्या आता, आधी स्वस्थ बसा." मग मी स्वस्थ बसले असते आणि सांगायचं ते राहून गेलं असतं. गेले सहा महिने ते असंच राहत आलंय.

आधी इकडची खबर सांगते. कारखान्याचा सीझन सुरू झालाय. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काजळी बसते. अविराजनं शेडनेटमध्ये ढोबळी मिरची लावलीय. सकाळी जातो तो दुपारी दोनला जेवायला येतो, ताटाकडं न बघता जेवतो, परत जातो. स्वयंपाकाला एक बाई लावलीय. नाव साखरबाई, पण हात खारट. मी काही म्हणत नाही. डॉक्टरांनी आता मीठ नेहमीसारखं खायला सांगितलंय, आणि मिठावरून कुणाला बोलायची माझी लायकी उरलेली नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तुझं लग्न झालं तो दिवस हल्ली फार आठवतो. आठ वर्षं झाली. बारामतीला रजिस्टर लग्न झालं आणि तिथून आपण सगळे कोऱ्हाळ्याला तुमच्या विहारात आलो. तुझ्या आईनं, रंगुबाईंनी, माझा हात धरून मला पहिल्या रांगेत बसवलं. माझा भाऊ सर्जेराव आला नव्हता. आदल्या दिवशी मी त्याला फोनवर सुनावलं होतं, "सर्जेराव, शाळेत चाळीस पोरं मी एका पंगतीला बसवत आले, आता घरच्या सुनेला येगळं ताट मांडू व्हय?" हे वाक्य पुढं भवानीनगरभर झालं. लीलाबाई म्हणजे मोठ्या मनाची बाई, असं लोक म्हणायला लागले. हेडमास्तरांनी माझ्या निरोप समारंभातही त्याचा उल्लेख केला. खरं सांगते, मला ते आवडलं. ते कौतुक मी इतकी वर्षं ठेवणीतल्या लुगड्यासारखं जपलं. तू आमच्या घरात आलीस, आमच्या नातेवाइकांच्या नजरा सोसल्यास, तेव्हा तुला मात्र मोठ्या मनाची कुणी म्हणालं नाही. ही गोष्ट आठ वर्षांत माझ्या एकदाही लक्षात आली नाही.

अविराजच्या अप्पांना जाऊन येत्या माघात तीन वर्षं होतील. ते गेल्यावर मी फारशी रडले नाही, ते तू पाहिलंस. लोक म्हणाले, बाई खंबीर आहेत. पण महिन्याभरानं एक विचित्र गोष्ट सुरू झाली. दुपारचे चार वाजले, की छातीत धडधडायला लागायचं. चारला ते कारखान्याच्या वजनकाट्यावरून घरी चहाला यायचे. रिटायर झाल्यावरही चारलाच चहा मागायचे. आता चार वाजले की हातापायांना कंप सुटायचा आणि वाटायचं, आपण आत्ता मरणार. जेवण जाईना. छकुली तेव्हा अडीच वर्षांची होती, ती मांडीवर येऊन बसली तरी मला काही वाटायचं नाही. लाकडाला काय वाटतं? तसं.

तू नर्स. तुला सांगितलं असतं तर तासाभरात मार्ग निघाला असता. पण गावात कुणाची सून गप्प झाली, कुणाची आई रडायला लागली, की लोक माझ्याकडं आणायचे आणि मी "मन घट्ट करा" म्हणून सांगायचे. आता माझंच मन सुटलंय हे घरात कळू देणं मला जमेना. म्हणून एका बुधवारी दातांचं कारण सांगून मी एसटीनं एकटी बारामतीला गेले. दात धड होते. मी मनाच्या डॉक्टरांकडं गेले होते. बाकावर ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून पदर पार कपाळावर ओढून बसले.

ते डॉक्टर फार चांगले होते. अर्धा तास ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाई, दुसरं कुठलं औषध चालू आहे?" मी म्हणाले, "काही नाही." बीपीची गोळी मी सात वर्षं घेत होते. पण ते सांगितलं तर कुठल्या डॉक्टरांची ते विचारतील, चिठ्ठी मागतील, आणि आपले बीपीचे डॉक्टर तुझ्याच दवाखान्यातले. गोष्ट फिरून तुझ्यापर्यंत येईल, अशी मला भीती. तिथून हे सगळं सुरू झालं.

गोळीनं गुण आला. महिन्याभरात मी जेवायला लागले, छकुलीला गोष्टी सांगायला लागले. तुम्हाला दोघांना वाटलं, काळ हेच औषध. तीन महिन्यांनी परत दाखवायला या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी गेले नाही. औषधाच्या एका दुकानात जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मिळत राहिल्या, मी घेत राहिले. पाकीट कपाटात, निरोप समारंभात मिळालेल्या शालीच्या घडीत ठेवायचे. दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

मग गेल्या हिवाळ्यात बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी जुन्या गोळीच्या जोडीला नवी गोळी दिली, लघवीवाटे पाणी काढणारी. त्या दिवशी घरी आल्यावर तू कापडी पिशवी घेऊन माझ्यासमोर बसलीस. म्हणालीस, "आई, घरात तुमच्या जेवढ्या म्हणून गोळ्या असतील तेवढ्या यात घाला. चूर्ण असलं तरी घाला, दुखण्याची गोळी असली तरी घाला. डॉक्टरांना सगळं एकदम दाखवू." मी तीन पाकिटं घातली. तू विचारलंस, "एवढंच?" मी म्हणाले, "एवढंच." तू माझ्याकडं क्षणभर पाहिलंस आणि कागदावर तीन नावं लिहिलीस. त्या क्षणभरात मी सांगू शकले असते. उलट मला राग आला. वाटलं, ही माझी झडती घेतेय.

त्यात मिठाचं खूळ. मोबाईलवर कुणीसं सांगितलं, मीठ म्हणजे म्हातारपणाचं विष, आणि दिवसाला दोन तांबे तरी पाणी जादा प्यावं. मी मीठ तोडलं. आमटीत मीठ लागलं की वाटी सरकवायची आणि तुला बोलायची. तू दोनदा म्हणालीस, "आई, या नव्या गोळीवर एवढं आळणी चालत नाही. रक्तातलं सोडियम बघून घेऊ, सकाळी जाताना घेऊन जाते तुम्हाला." मी शेजारच्या धोंडाबाईला सांगितलं, "नर्स सून म्हणजे घरात रोजची ओपीडी." आम्ही दोघी हसलो. तू आत भांडी लावत होतीस, तुला ऐकू गेलं असेल.

मे महिना लागला तसं माझं बिनसलं. अन्नाची शिसारी, पाय जड, डोक्यात सारखी गुंगी. एकदा फोडणीत मोहरीऐवजी चहापूड टाकली. छकुलीला माझ्या भाचीच्या, प्राचीच्या नावानं हाक मारली. अविराज म्हणाला, ऊन बाधलं असेल, पाणी पीत जा. मी आणखी पाणी प्यायले. एका सकाळी मोरीत पडले, ते मला स्वतःला आठवत नाही. तू ड्युटीवरून निम्म्यातनं आलीस, माझ्या डोळ्यांत बघितलंस आणि गाडी काढायला लावलीस, असं अविराज सांगतो. तुझ्याच दवाखान्यात मला नेलं. सोडियम एकशे बारा निघालं. नेहमी एकशे पस्तीसच्या वर असतं, असं नंतर कळलं. डॉक्टर अविराजला म्हणाले, "मीठ हळूहळू उतरलंय, तसंच हळूहळू चढवावं लागेल. घाई केली तर मेंदूला इजा होते. तोवर त्या काहीही बोलतील. ते बोलणं त्यांचं नाही, सोडियमचं समजा. बरं झाल्यावर त्यांना काही आठवणारही नाही."

बरंचसं नाहीच आठवत. मी वॉर्डात हजेरी घेत होते म्हणे. समोरच्या खाटेवरच्या आजोबांना बाकावर उभं राहायला सांगितलं, सलाईनची नळी ओढली. हे सगळं मला इतरांनी हसत हसत सांगितलं. पण एक गोष्ट कुणी सांगितली नाही, कारण ती तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. ती मी खाली लिहिते. आधी दुसरं सांगते.

सहाव्या दिवशीची गोष्ट. सकाळी राउंडच्या वेळी शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी कागदावरून वाचलं, "सोडियम एकशे चौतीस." मोठे डॉक्टर माझ्याकडं बघून हसले. मला तारीख विचारली, मी वारासकट सांगितली. सतरा साते विचारलं, तेही सांगितलं. दुपारी भेटीच्या वेळेला सर्जेराव आला होता, त्याची बायको आणि मुलगी प्राची होती, धोंडाबाई होती, अविराज होता. तू पायथ्याशी उभी राहून माझी चादर नीट करत होतीस. डॉक्टर येऊन म्हणाले, "बीपीची नवी गोळी आणि त्यासोबत पोटात जाणारं आणखी एक औषध, दोन्हींचा मिळून परिणाम झाला. एकानं शरीरातलं मीठ बाहेर टाकलं, दुसऱ्यानं पाणी आत धरून ठेवलं. वर खाणं आळणी. दोन्ही गोळ्या बंद केल्यात, आता काळजी नाही." दुसरं औषध कुठलं ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त जाता जाता तुझ्याकडं बघितलं, आणि तू मान खाली घातलीस.

सर्जेरावानं ते बघितलं. डॉक्टर गेल्यावर त्यानं खुर्ची पुढं ओढली. "अक्का, ही दुसरी गोळी कसली? घरात औषधं कोण बघतं?" अविराज म्हणाला, प्रियाच बघते. सर्जेराव म्हणाला, "मंग आता अक्काच सांगू दे. अक्का, ही गोळी तुला कोण देत हुतं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. खरं सांगायचं तर दोन शब्दांचं उत्तर होतं, "माझी मीच." पण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला असता, कशासाठी? आणि मग धोंडाबाईच्या, भावजयीच्या, भाचीच्या देखत म्हणावं लागलं असतं, की लीलाबाई वेड्यांच्या डॉक्टरांची गोळी खात होत्या. मी तसं म्हणाले नाही. मी म्हणाले, "तीच द्यायची."

एवढंच बोलले. गेल्या सहा महिन्यांत ते मी किती वेळा मनात म्हणून बघितलं असेल. तू चादर सोडली नाहीस. कोपरा गादीखाली खोचलास, बादली उचललीस आणि बाहेर गेलीस. सर्जेराव लगेच सुरू झाला, "मी आठ वर्सापूर्वीच सांगत हुतो. नर्स हाय म्हनून तुमी डोळं झाकून इस्वास टाकला. कुठली ती, कुठली आपली मानसं." मी डोळे मिटून घेतले. सगळ्यांना वाटलं मी थकले.

प्रियदर्शनी, त्या खाटेच्या पायथ्याशी तुझ्या जागी प्राची उभी असती, तर मी ते वाक्य बोलले असते का? हा प्रश्न मी स्वतःला खोदून खोदून विचारला आहे. उत्तर "नाही" असं येतं. प्राचीचं नाव घेतलं असतं तर सर्जेरावानं माझी उलटतपासणी केली असती. तुझं नाव घेतल्यावर त्यानं एक शब्द उलट विचारला नाही. तो विचारणार नाही, हे माझ्या जिभेला माझ्याआधी माहीत होतं. त्याला येगळ्या ताटावरून सुनावणारी मी, आणि वेळ आल्यावर त्याच्याच ताटातलं उचलून खाल्लं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुझ्या बाजूनं ते कुणी लिहिलेलं नाही. सर्जेराव ओपीडीसमोर जाऊन ओरडला, "तुमच्याच नर्सनं सासूला भलत्या गोळ्या चारल्या." डॉक्टरांना खरं ठाऊक होतं, त्यांनी मेट्रनला समजावलंही असणार. पण बाकावर बसलेल्या गावोगावच्या माणसांना कोण समजावणार? दुसऱ्या आठवड्यात काझडच्या एका बाईनं तुझ्याकडून इंजेक्शन घ्यायला नाही म्हटलं, हे मला धोंडाबाईकडून कळलं. तू राजीनामा दिलास. घरी अविराजनं तुला विचारलं, "तू आईला नेमकं काय देत होतीस?" तू म्हणालीस, "आईंना विचार." तो म्हणाला, "आईनंच सांगितलंय." मी तिथंच गवार मोडत बसले होते. तू माझ्याकडं पाहिलंस. त्या पाहण्यात राग नव्हता, तू फक्त थांबली होतीस. मी गवारीची शीर काढत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू छकुलीला घेऊन कोऱ्हाळ्याला गेलीस. चार दिवसांसाठी, असं म्हणालीस.

मला वाटायचं, विरून जाईल. आज सांगू, दिवाळी झाल्यावर सांगू. मग दिवाळीनंतरच्या रविवारी अविराज छकुलीला घेऊन आला. साडेपाच वर्षांची पोर किती मोठी दिसायला लागलीय. मी खाटेवर बसले होते आणि बीपीची गोळी खिडकीत होती. आता एकच घेते, जुनी. मी म्हणाले, "छकुले, ते पाकीट दे गं आजीला." ती खिडकीपर्यंत गेली आणि तिथंच थांबली. हात पाठीमागं घेतले. म्हणाली, "आजी, मी नाही देणार. आई म्हणते आजीच्या गोळ्यांना आपण हात लावायचा नाही. आजीचं आजी घेते." आणि तिनं माझा हात धरून मला खिडकीपर्यंत नेलं, म्हणजे मी माझी गोळी माझ्या हातानं घ्यावी. लहान लेकरू माझ्या आरोपापासून स्वतःचा बचाव करत होतं. आणि तो बचाव तुला तिला शिकवावा लागला होता. मी गोळी घेतली. पाणी प्यायले.

त्याच संध्याकाळी, तिला कोऱ्हाळ्याला सोडून अविराज परत आल्यावर, मी त्याला बसवून सगळं सांगितलं. दातांचं कारण, मनाचे डॉक्टर, शाल, सगळं. तो ऐकत होता. शेवटी उठला, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "आई, आज पाणी किती प्यायलीस?" त्याला वाटलं, सोडियम पुन्हा उतरलं. मी परोपरीनं सांगितलं. तो म्हणाला, "हो हो, पड तू." सकाळी गाडीत घालून बारामतीला लॅबमध्ये नेलं आणि माझं रक्त तपासायला दिलं. दुपारी रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. त्यानं लॅबच्या पायऱ्यांवर उभं राहून तो कागद वाचला, पुन्हा वाचला. मग मोटारीचं दार उघडून आत बसला आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. घरासमोर गाडी थांबवून एवढंच म्हणाला, "मी तिला का नाही विचारलं दुसऱ्यांदा?" तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

सर्जेरावालाही बोलावून सांगितलं. तो टोपी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "अक्का, झालं ते झालं. आता कशाला उकरतीस? तुझीच अब्रू जाईल." ज्यानं भर ओपीडीत ओरडून सांगितलं, तो मला आता हळू बोल म्हणतोय. मी त्याला तसंच म्हणाले. तो चहा न घेता गेला. धोंडाबाईला काल सांगितलं. धोंडाबाईला सांगितलं म्हणजे कॉलनीला सांगितलं, तेव्हा तो प्रश्न मिटला. तीसुद्धा म्हणाली, "बाई, मला पन माझा म्हातारा गेल्यापासून झोप न्हाय. त्या डाक्टरचं नाव काय?" मी तिला नाव लिहून दिलं आणि बजावलं, जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ने, एकही मागं ठेवू नको. हे तुझं वाक्य मी तिला माझं म्हणून सांगितलं नाही, माझ्या सुनेचं म्हणून सांगितलं.

आता ती वर राहिलेली गोष्ट. दवाखान्यातला दुसरा का तिसरा दिवस असेल. खिडकीतून ऊन येत होतं. तू माझ्याजवळ एकटीच होतीस. मी तुझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाले, "माझ्या शालीत गोळ्या आहेत. मनाच्या. कुणाला सांगू नको, लोक मला वेडी म्हणतील." तू माझ्या कानाशी वाकलीस. म्हणालीस, "नाही सांगत आई. डॉक्टरांशिवाय कुणाला नाही सांगणार." मग तू त्या उन्हात स्कूटरवर भवानीनगरला गेलीस, शालीतलं पाकीट काढून आणलंस आणि डॉक्टरांच्या हातात दिलंस. त्यावरूनच त्यांना कारण कळलं. मेंदू ठिकाणावर नव्हता तेव्हा मी तुझ्याशी खरं बोलले. ठिकाणावर आला आणि खोटं बोलले. तू मात्र दिलेला शब्द पाळलास. सर्जेरावासमोर पाळलास, मेट्रनसमोर पाळलास, नवऱ्यासमोर पाळलास, आणि त्यापायी घर सोडलंस. एक शब्द बोलली असतीस तर सुटली असतीस.

तुला वाटलं असेल, आईंना हे आठवतच नाही. डॉक्टरच म्हणाले होते, काही आठवणार नाही. आपण खरंच गोळी देत होतो असं आईंना त्या भ्रमात वाटत असेल, असं म्हणून तू मला मनातल्या मनात सूटही दिली असशील. तुझा स्वभाव मी ओळखते. म्हणून सांगते, मला आठवत होतं. सहाव्या दिवशी दुपारी "तीच द्यायची" म्हणताना तुझं ते मनगट, कानाशी आलेला तुझा आवाज, सगळं मला लख्ख आठवत होतं. तू बोलणार नाहीस, हे माहीत होतं म्हणूनच मी ते बोलू शकले.

येत्या रविवारी अविराज कोऱ्हाळ्याला येणार आहे. तो त्याची माफी मागेल, ती त्याची त्यानं मागावी. पण मी त्याला ओळखते, तो माझ्या वतीनंही मागेल. म्हणेल, आई म्हातारी आहे, आजारी होती, औषधांनी तिचं डोकं फिरलं होतं, सोडून दे. तो तुझ्या दारात पोचण्याआधी हे पत्र पोचावं म्हणून घाईनं लिहिलं, स्पीड पोस्टनं टाकतेय. तो तसं म्हणाला तर त्याला हे पत्र दाखव. रंगुबाईंनाही वाचून दाखव, त्यांच्या लेकीवर आळ आलाय, त्यांना कळायला हवं. परत ये असं मी म्हणणार नाही, तो हक्क मी त्या दुपारी घालवला. सोबत लॅबचा रिपोर्ट जोडलाय. त्यावर माझं नाव आहे, तारीख आहे, वय पासष्ट आहे आणि सोडियम एकशे अडतीस आहे. हे पत्र लिहिणारी बाई पूर्ण शुद्धीवर आहे, आणि ते वाक्य बोलणारीही शुद्धीवरच होती. मला माफ करायचं की नाही, ते तुझं तू ठरव. फक्त ठरवताना माझा आजार जमेस धरू नकोस.

तुझीच,
लीलाबाई